नोंद टेबलात आहे, पण चालू असलेल्या पायथन स्क्रिप्टला दिसत नाही

लक्षण असं. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या टेबलात नवीन नोंदी पडत आहेत, हे तुम्ही दुसऱ्या खिडकीतून स्वतःच्या डोळ्यांनी बघताय. पायथनची एक स्क्रिप्ट सकाळपासून चालू आहे, ठरावीक वेळाने तीच क्वेरी चालवते, आणि तरी तिला त्या नोंदी सापडत नाहीत. एरर येत नाही. लॉग स्वच्छ. स्क्रिप्ट बंद करून परत चालू केली की अडकलेल्या सगळ्या नोंदी एकदम येतात. मग तासाभराने, कधी दुसऱ्या दिवशी, परत तेच.

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी उत्तर आधीच सांगतो. कनेक्शन उघडतानाच 'ऑटोकमिट' (प्रत्येक क्वेरी आपोआप पक्की होऊन संपण्याची सोय) चालू करा. ते जमत नसेल तर प्रत्येक फेरीच्या शेवटी 'कमिट' करा, नोंदी सापडोत की न सापडोत. स्क्रिप्ट नुसती वाचत असली, एक अक्षरही लिहीत नसली, तरीही करा.

हे का करायचं, आपल्याकडे हाच प्रकार आहे की दुसरा हे कसं ओळखायचं, आणि एकदा दुरुस्त केलेलं पुन्हा कसं बिघडतं, हे पुढे सविस्तर लिहितो. माझा जवळजवळ अख्खा काजूचा हंगाम यात गेला, म्हणून मनापासून लिहितोय.

गोव्यातल्या सत्तरीत, वाळपईच्या पुढे, एका काजू खरेदी केंद्राचं संगणकाचं काम माझ्याकडे आहे. हंगामात तिथे दोन काटे चालतात. पोतं काट्यावर चढलं की काट्यावरची मुलगी टोकन नंबर, वजन आणि दर संगणकात टाकते, पावती निघते. ही नोंदणीची बाजू पीएचपीत आहे, जुनी आहे, आणि तिने कधी त्रास दिलेला नाही. बाहेर पत्र्याच्या शेडीत शेतकरी आपापली पोती घेऊन रांगेत बसतात, म्हणून शेडीच्या खांबावर लाल अक्षरांचा एलईडी बोर्ड लावला. टोकन, पोत्यांची संख्या, वजन, रक्कम. बोर्ड एका छोट्या संगणकाला सिरियल केबलने जोडलेला, आणि त्या संगणकावर माझी पायथनची स्क्रिप्ट दर मिनिटाला डेटाबेस वाचून नवीन नोंदी बोर्डावर पाठवते.

बोर्ड थांबला की काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर हा सगळा खटाटोप कशासाठी ते कळणार नाही. माणूस केरीहून पिकअप भाड्याने करून आलेला असतो. आत वजन झालेलं असतं, पण बाहेर बोर्डावर त्याचं टोकन येत नाही, त्याच्या आधीच्याचंच लटकून राहतं. मग तो आत येतो. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला एकदाच विचारलं, "बाब, म्हजीं पोतीं खंय?" आवाज चढवला नाही, भांडण केलं नाही. पण वर्षभराच्या बागेचं मोल त्या आकड्यांत असतं, आणि तो आकडा दिसला नाही की काट्यावरच संशय येतो. काटा चोख होता. डेटाबेसमध्ये त्याची पोती बरोबर नोंदलेली होती. फक्त माझ्या स्क्रिप्टला ती दिसत नव्हती.

पहिले काही दिवस मी चुकीच्या जागी शोधलं. केबल बदलली. क्वेरीतली तारखेची अट काढून बघितली, टाइमझोनचा घोळ असेल म्हणून. कोणी म्हणालं क्वेरी कॅश, म्हणजे आधीच्या क्वेरीचं साठवलेलं उत्तर, असेल, पण मायएसक्यूएल ८.० मध्ये क्वेरी कॅश काढूनच टाकली आहे. आणि जुन्या आवृत्त्यांतही टेबलात काही बदललं की त्या टेबलाची कॅश आपोआप रद्द व्हायची, त्यामुळे तिच्यावर ठपका ठेवण्यात अर्थ नव्हता.

खरी खूण काट्यावरच्या मुलीने दिली. ती म्हणाली, "सर, गर्दी असली की तो थांबत नाही. साडेदहाच्या चहानंतर थांबतो, नाहीतर जेवणानंतर." मी ते ऐकलं आणि चुकीचा अर्थ लावला. संगणक रिकामा राहिला की झोपत असेल, असं धरून पॉवर सेव्हिंगच्या सगळ्या सेटिंग बंद केल्या. दुसऱ्या दिवशी चहानंतर आतून हाक आली, "सर, बोर्ड परत थांबलो!"

मग शहाणपणाने एक काम केलं, जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. स्क्रिप्टमध्ये दोन ओळी घातल्या: दर फेरीला टेबलातल्या आजच्या एकूण नोंदी मोजायच्या आणि वेळेसकट एका फाईलमध्ये लिहायच्या. दुसऱ्या दिवशी ती फाईल उघडली. १०:३१ ला ३९. १०:३२ ला ४१. १०:३३ ला ४१. तिथून पुढे ४१, ४१, ४१, ओळीमागून ओळ, १०:५५ पर्यंत. त्याच वेळी शेजारच्या खिडकीत मायएसक्यूएलच्या कमांड लाईनवर तीच मोजणी केली तर ५७. एकच संगणक, एकच डेटाबेस, एकच टेबल, क्वेरीत अक्षराचाही फरक नाही. एका कनेक्शनला ४१ दिसतात, दुसऱ्याला ५७.

म्हणजे स्क्रिप्ट झोपलेली नव्हती. ती इमानाने दर मिनिटाला विचारत होती, आणि डेटाबेस तिला दर मिनिटाला १०:३३ चं उत्तर देत होता.

कारण असं आहे. मायएसक्यूएलचं नेहमीचं स्टोरेज इंजिन इनोडीबी. त्याची आयसोलेशनची, म्हणजे एकाचे बदल दुसऱ्याला कधी दिसावेत याची, मूळ पातळी 'रिपीटेबल रीड'. या पातळीवर एका ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्रच पक्क्या किंवा रद्द होणाऱ्या क्वेरींच्या गटात) तुम्ही पहिली साधी 'सिलेक्ट' चालवलीत की त्या क्षणाचा फोटो तुमच्यासाठी पक्का होतो. यालाच स्नॅपशॉट म्हणतात. त्यानंतर त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये कितीही वेळा 'सिलेक्ट' करा, दुसऱ्यांनी नंतर केलेले बदल तुम्हाला दाखवले जात नाहीत. तुम्ही स्वतः केलेले बदल तेवढे दिसतात. ट्रान्झॅक्शन संपलं, म्हणजे 'कमिट' (पक्कं) किंवा 'रोलबॅक' (रद्द) झालं, की फोटो फाटतो आणि पुढच्या 'सिलेक्ट'ला नवा निघतो.

तुम्ही म्हणाल, मी ट्रान्झॅक्शन सुरूच केलं नव्हतं. मीही असंच म्हणालो होतो. पण पायथनमध्ये डेटाबेसशी बोलायचा जो ठरलेला करार आहे, पीईपी २४९, त्यात लिहिलंय की डेटाबेसला ऑटोकमिटची सोय असली तरी सुरुवातीला ती बंदच ठेवायची. पायमायएसक्यूएल घ्या, मायएसक्यूएलचा स्वतःचा पायथन कनेक्टर घ्या, मायएसक्यूएलक्लायंट घ्या, तिघेही हा करार पाळतात. त्यामुळे पहिली क्वेरी गेली की ट्रान्झॅक्शन आपोआप उघडतं. तुम्ही बंद करेपर्यंत ते उघडंच राहतं, आणि नुसतं वाचणाऱ्या माणसाला ते बंद करायचं सुचत नाही. कमिट म्हणजे लिहिलेलं पक्कं करणं, असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. इथे कमिटचं काम वेगळंच आहे, वाचण्याचा फोटो सोडून देणं.

आणखी एक गैरसमज फार पसरलेला आहे. दर फेरीला नवीन कर्सर उघडला आणि शेवटी बंद केला की सगळं ताजं होतं, असं लोक मानतात. होत नाही. कर्सर ही फक्त निकाल हातात घ्यायची टोपली आहे. ट्रान्झॅक्शन कनेक्शनचं असतं. कर्सर शंभर वेळा बदला, कनेक्शन तेच असेल आणि कमिट झालं नसेल, तर फोटो तोच.

आता गर्दीत बोर्ड का चालायचा आणि चहानंतर का थांबायचा? माझ्या स्क्रिप्टचा गाभा मराठीत लिहायचा तर असा होता:

कायम फिरत राहा:
    नोंदी = सिलेक्ट, जिथे दाखवले = ०
    जर नोंदी असतील:
        बोर्डावर पाठव
        अपडेट, दाखवले = १
        कमिट
    ६० सेकंद थांब

'कमिट'ची ओळ 'जर'च्या पोटात आहे, हे बघा. गर्दीत दर मिनिटाला एखादं तरी पोतं चढतं. नोंद सापडते, अपडेट होतं, कमिट होतं, फोटो फाटतो, पुढच्या फेरीला नवा फोटो. सगळं सुरळीत. मग काटे चहाला थांबतात. त्या मिनिटाला 'सिलेक्ट' चालते, नवा फोटो निघतो, नोंद एकही सापडत नाही, म्हणून 'जर'च्या आत शिरायचा प्रश्नच येत नाही, आणि कमिट होत नाही. पुढच्या मिनिटाला काटे सुरू झालेले असतात, पोती चढतात, पण 'सिलेक्ट' त्याच रिकाम्या मिनिटाच्या फोटोत शोधते. तिथे काही नाही. म्हणून कमिट नाही. म्हणून फोटो बदलत नाही. एकच रिकामी फेरी पुरते, आणि त्यानंतर स्क्रिप्ट स्वतःहून कधीच सुटत नाही.

मी घरी चाचणी घेतली तेव्हा भराभर वीस खोट्या नोंदी टाकल्या होत्या, आणि सगळ्या बोर्डावर आल्या होत्या. रिकामी फेरी त्या चाचणीत आलीच नाही.

तुमच्याकडे हेच होतंय का, हे खात्रीने तपासायचे दोन मार्ग आहेत. स्क्रिप्ट अडकलेली असताना तपासा, आधी रिस्टार्ट करू नका. रिस्टार्ट केलीत की पुरावा जातो.

पहिला मार्ग: दुसऱ्या कनेक्शनवरून 'इन्फर्मेशन स्कीमा' या डेटाबेसमधलं 'इनोडीबी टीआरएक्स' (INNODB_TRX) हे टेबल वाचा. तिथे त्या क्षणी उघडी असलेली ट्रान्झॅक्शन दिसतात. सुरू झाल्याच्या वेळेचा एक कॉलम आहे आणि कनेक्शनच्या थ्रेड नंबरचा एक. तो नंबर 'शो प्रोसेसलिस्ट'मध्ये शोधा. माझ्याकडे बोर्डाच्या संगणकाचं कनेक्शन प्रोसेसलिस्टमध्ये 'स्लीप' दाखवत होतं, म्हणजे दिसायला निवांत, आणि इकडे त्याच्या ट्रान्झॅक्शनची सुरुवातीची वेळ १०:३३. फाईलमधला आकडा जिथे गोठला होता, तेच मिनिट. दोन वेगवेगळ्या ठिकाणी एकच वेळ बघितल्यावर माझ्या मनात शंका उरली नाही.

दुसरा मार्ग जास्त ठसठशीत आहे, पण जपून वापरा. स्क्रिप्टच्या त्याच कनेक्शनवर आधी साधी मोजणी चालवा, आणि लगेच तीच मोजणी शेवटी 'फॉर शेअर' जोडून चालवा. ८.० च्या आधीची आवृत्ती असेल तर त्या जागी 'लॉक इन शेअर मोड'. लॉक घेऊन वाचणारी क्वेरी फोटोकडे बघत नाही, टेबलातली कमिट झालेली ताजी स्थिती वाचते. माझ्याकडे लागोपाठच्या दोन ओळींत, एकाच कनेक्शनवर, एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, ४१ आणि ५७ असे आकडे आले. असं आलं तर निदान पक्कं. मात्र ही क्वेरी वाचलेल्या सगळ्या नोंदींवर लॉक घेते, आणि 'रिपीटेबल रीड'मध्ये नवीन नोंद घालणाऱ्यालाही त्यामुळे थांबावं लागू शकतं. म्हणून आकडा बघितला की ताबडतोब रोलबॅक करा. ही ओळ कायमची स्क्रिप्टमध्ये ठेवून काम भागवू नका. बोर्ड चालेल आणि काटे अडकतील.

दुरुस्ती. सगळ्यात साधी म्हणजे 'कमिट'ची ओळ चार स्पेस डावीकडे आणायची, 'जर'च्या बाहेर, म्हणजे ती प्रत्येक फेरीला चालेल. फेरीच्या मध्येच एखादी चूक होऊन अपवाद उडाला तर? त्यासाठी फेरी 'ट्राय'मध्ये घालून 'फायनली'त रोलबॅक ठेवा. कमिट आधीच झालं असेल तर रोलबॅकने काही बिघडत नाही.

नुसत्या वाचणाऱ्या, किंवा माझ्यासारख्या एखादीच खूण करणाऱ्या स्क्रिप्टसाठी मला दुसरा उपाय जास्त आवडतो: कनेक्ट करतानाच 'ऑटोकमिट = ट्रू' द्यायचं. मग प्रत्येक क्वेरी हेच एक छोटं ट्रान्झॅक्शन होतं, सुरू होतं आणि संपतं. विसरायला काही शिल्लक राहत नाही. उद्या दुसऱ्या कोणी या स्क्रिप्टला हात लावला आणि एखादी 'सिलेक्ट' वाढवली, तरी ती ताजंच वाचेल.

तिसरा उपाय अनेक जण सुचवतात: आयसोलेशनची पातळी 'रीड कमिटेड' करा. त्यात प्रत्येक 'सिलेक्ट'ला नवा फोटो निघतो, त्यामुळे बोर्ड नक्की सुरू होईल. पण ट्रान्झॅक्शन उघडंच राहतं, आणि त्याचं दुसरं दुखणं तसंच राहतं. ते दुखणं मी भोगलंय, म्हणून सांगतो.

हंगामाच्या मध्यावर नोंदणीच्या टेबलात ओलाव्यासाठी एक नवीन कॉलम जोडायचा होता. दुपारी, काटे चालू असताना, मी 'अल्टर टेबल' चालवलं. ते संपेना. मिनिटभरात दोन्ही काट्यांवरून हाका आल्या, पावती निघत नाही म्हणून. प्रोसेसलिस्ट बघितली तर माझा 'अल्टर' 'वेटिंग फॉर टेबल मेटाडेटा लॉक' म्हणत उभा, आणि त्याच्या मागे काट्यांच्या सगळ्या क्वेरी रांगेत. उघड्या ट्रान्झॅक्शनने एखादं टेबल नुसतं वाचलेलं असलं तरी त्या टेबलाची रचना बदलायला ते अडवून धरतं, ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत. आयसोलेशनची पातळी कोणतीही असो. आणि 'अल्टर' वाट बघत असताना त्याच्या मागून येणाऱ्यांनाही थांबावं लागतं. या प्रतीक्षेची मूळ मुदत, 'लॉक वेट टाइमआउट', ३१५३६००० सेकंद आहे, म्हणजे पूर्ण एक वर्ष. त्यामुळे थोडं थांबलो तर सुटेल या आशेवर बसू नका. मी 'अल्टर' रद्द केला, काटे सुटले, आणि कॉलम रात्री सगळं बंद करून जोडला. अडवणारं कनेक्शन कोणाचं होतं हे तेव्हा मला कळलं नव्हतं. ते बोर्डाचं होतं.

आता दुरुस्त केलेलं पुन्हा कसं बिघडतं ते.

मी पहिल्यांदा दुरुस्ती केली ती घाईत. कनेक्ट झाल्यावर कर्सरवरूनच एक ओळ चालवली: 'सेट ऑटोकमिट = १'. बोर्ड लागलीच सुधारला. अनेक दिवस चहा झाला, जेवण झालं, बोर्ड थांबला नाही. मे महिन्याच्या शेवटी पहिला वळवाचा पाऊस आला, गडगडाट झाला आणि लाईट गेली. डेटाबेसचा संगणक बंद पडला, बोर्डाचा संगणक मात्र यूपीएसवर चालू राहिला. लाईट आल्यावर स्क्रिप्टने 'पिंग' करून स्वतःच परत कनेक्शन जोडलं. ती सोय मीच ठेवली होती, कारण सर्व्हर गेला की २००६ नंबरची एरर येऊन स्क्रिप्ट मरायची. बोर्डावर नोंदी परत येऊ लागल्या, मी निश्चिंत झालो. संध्याकाळी चारच्या चहानंतर बोर्ड थांबला.

'सेट'ने केलेली सेटिंग त्या एका सेशनपुरती असते. नवीन कनेक्शन म्हणजे नवीन सेशन. परत जोडताना ड्रायव्हर (डेटाबेसशी बोलणारी पायथनची लायब्ररी) स्वतःकडे लिहून ठेवलेल्या गोष्टी लागू करतो, आणि त्याच्याकडे ऑटोकमिट बंद असंच लिहिलेलं होतं, कारण मी ते त्याला सांगितलंच नव्हतं. मी परस्पर सर्व्हरला सांगितलं होतं. हीच सेटिंग कनेक्टच्या वेळी ड्रायव्हरला दिली की ती त्याच्याजवळ राहते, आणि कितीही वेळा कनेक्शन तुटून जुळलं तरी लागू होते. आयसोलेशनची पातळी, कॅरेक्टर सेट, टाइमझोन यांनाही हेच लागू. कर्सरवरून 'सेट' केलेली कोणतीही गोष्ट लाईट गेल्यावर जाते असं धरून चाला. पावसाच्या तोंडावर सत्तरीत लाईट किती वेळा जाते, ते इथल्या माणसाला सांगायला नको.

कॅरेक्टर सेटचा विषय निघालाच आहे म्हणून थोडक्यात. शेतकऱ्यांची नावं देवनागरीत असतात, आणि एखाद्या दिवशी ती प्रश्नचिन्हांत दिसू लागली तर आधी कनेक्शनचा कॅरेक्टर सेट बघा. कनेक्टच्या वेळीच 'यूटीएफ८एमबी४' द्या. मायएसक्यूएलचं जुनं 'यूटीएफ८' एका अक्षराला जास्तीत जास्त ३ बाइट देतं. देवनागरी त्यात बसते, इमोजी बसत नाही. टेबल पार जुनं असेल तर ते 'लॅटिन१'मध्येही असू शकतं, कारण ८.० च्या आधी सर्व्हरचा मूळ कॅरेक्टर सेट तोच होता. लिहितानाच प्रश्नचिन्हं टेबलात गेली असतील तर मूळ अक्षरं परत मिळत नाहीत, म्हणून हे नोंदी घालायच्या आधी तपासा.

मूळ मुद्द्याकडे येतो. हे सगळं वाचून 'रिपीटेबल रीड' म्हणजे कटकट, असं कोणाला वाटेल. तसं नाही, आणि हे मला ठासून सांगायचंय. संध्याकाळी सहाला दिवसाचा हिशेब निघतो. त्यात दोन क्वेरी आहेत: एक शेतकऱ्यांप्रमाणे यादी काढते, दुसरी एकूण वजन आणि रक्कम. कधीकधी हिशेब निघत असतानाच शेवटचं पोतं काट्यावर असतं. ऑटोकमिट चालू ठेवून ह्या दोन क्वेरी चालवल्या आणि मधल्या क्षणी ते पोतं नोंदलं गेलं, तर यादीची बेरीज आणि खालची एकूण रक्कम यांत एका पोत्याचा फरक येतो. रोखीचा हिशेब करणाऱ्या माणसासाठी तो फरक रात्रीची झोप घालवणारा आहे. तिथे मला फोटोच हवा. म्हणून हिशेबाच्या स्क्रिप्टमध्ये मी मुद्दाम 'स्टार्ट ट्रान्झॅक्शन विथ कन्सिस्टंट स्नॅपशॉट, रीड ओन्ली' असं म्हणून सुरुवात करतो, दोन्ही क्वेरी चालवतो, आणि लगेच कमिट करतो. दोन्ही आकडे एकाच क्षणाचे. बोर्डाला ताजेपणा लागतो, हिशेबाला एकवाक्यता लागते. दोघांना एकच कनेक्शन वापरायला देऊ नका.

हा प्रश्न पायथन आणि मायएसक्यूएल या जोडीत एवढा का सतावतो, तर बाकी जोड्यांत एक तरी कडी वेगळी असते. पीएचपीत मायएसक्यूएलआय आणि पीडीओ, दोन्हींत ऑटोकमिट मुळातच चालू, आणि वर पान तयार झालं की कनेक्शन सहसा बंद होतं. म्हणून आमची नोंदणीची बाजू कधी अडकली नाही. पर्लच्या डीबीआयमध्येही ऑटोकमिट मुळात चालू. पोस्टग्रेएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसची मूळ पातळी 'रीड कमिटेड' आहे, तिथे ही स्क्रिप्ट ताज्या नोंदी दाखवत राहिली असती, फक्त कनेक्शन 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' म्हणून लटकलेलं दिसलं असतं, आणि 'नाऊ' विचारलं तर ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याचीच वेळ सांगत राहिलं असतं. पायथनचा वेब फ्रेमवर्क जँगो ऑटोकमिट चालू ठेवतो, आणि २.० पासून मायएसक्यूएलसाठी स्वतःहून 'रीड कमिटेड' लावतो. एसक्यूएलअल्केमी ही पायथनची डेटाबेस लायब्ररी वापरत असाल तर मात्र सावध राहा: तिचं सेशन ट्रान्झॅक्शन आपोआप उघडतं, शिवाय एकदा वाचलेली ऑब्जेक्ट स्वतःजवळ धरून ठेवतं. तिथेही फेरी संपली की सेशन कमिट किंवा बंद करा.

जुन्या सिस्टीमवाल्यांसाठी अजून एक. टेबल 'मायआयसॅम'चं असेल तर त्याला ट्रान्झॅक्शन माहीतच नाही, आणि हा प्रकार तिथे घडत नाही. मायएसक्यूएल ५.५ पासून इनोडीबी हे मूळ इंजिन झालं. जुना डेटा नवीन सर्व्हरवर हलवताना कोणी टेबलं इनोडीबीत बदलली असतील, तर वर्षानुवर्षं नीट चाललेली स्क्रिप्ट एका रात्रीत अशी वागू लागते, आणि स्क्रिप्टला कोणी हातही लावलेला नसतो. 'शो टेबल स्टेटस'मध्ये इंजिनचा कॉलम बघा.

एवढं करूनही नोंद दिसत नसेल तर उलट्या बाजूला बघा: लिहिणाऱ्याने कमिट केलंय का? दुसरी स्क्रिप्टही पायथनमध्ये असेल आणि तिने 'इन्सर्ट' करून कमिट विसरलं असेल, तर नोंद फक्त तिलाच दिसते, जगाला नाही. ती स्क्रिप्ट बंद पडली की नोंद नाहीशीही होते. ओळखायला सोपं आहे. त्या वेळी कमांड लाईनवरच्या ताज्या कनेक्शनलाही नोंद दिसत नाही. माझ्या प्रकारात कमांड लाईनला दिसत होती, स्क्रिप्टला नव्हती. आणि वाचणं मुख्य सर्व्हरऐवजी त्याच्या रेप्लिकावरून, म्हणजे प्रतीवरून, होत असेल, तर उशीर तिथलाही असू शकतो, पण तो आपोआप भरून निघतो. रिस्टार्टची गरज लागत नाही.

दुरुस्तीनंतरची चाचणी मी आता अशी घेतो. स्क्रिप्ट चालू करायची, दोन नोंदी टाकायच्या, त्या बोर्डावर आल्या का बघायचं. मग हात बांधून पूर्ण पाच मिनिटं बसायचं, काहीही टाकायचं नाही. पाच रिकाम्या फेऱ्या जाऊ द्यायच्या. नंतर एक नोंद. ती आली की डेटाबेसची सर्व्हिस बंद करून परत चालू करायची, स्क्रिप्टला हात न लावता. परत पाच मिनिटं रिकामी. परत एक नोंद. ही शेवटची नोंद मिनिटाभरात बोर्डावर आली, तरच मी वाळपईहून घरी निघतो.